वेणूआत्याची पायरी

सहामाहीचे पेपर तपासायला घेतले की मला वेणूआत्या आठवते. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आत्या शाळेत कधी गेलीच नव्हती. पण पुसदच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथे सहामाही नेमकी नवरात्राच्या तोंडावर येते. आश्विनातलं ते चिकट ऊन, वारा पडलेली दुपार, कुणाच्या तरी परसात फुलाला आलेली तूर, हे सगळं मिळून मला उचलतं आणि गावी नेऊन टाकतं. लाल शाईची दौत उघडी राहते. एखाद्या कार्ट्याला उगाच दोन गुण जास्त पडतात. आश्विन आला की बाईंचं काही खरं नसतं, असं वर्गातल्या मुली आपसात म्हणतात. मी ऐकलं आहे, आणि त्यांचं चुकत नाही.

लोकांना हे दिवस सुखाचे वाटतात. पाऊस सरलेला असतो, कापूस फुटायला लागलेला असतो, घरोघरी घट बसतात. मला मात्र या दिवसांत घरी जायचं म्हटलं की पाय निघत नाही, आणि नाही गेले तर चैन पडत नाही. मग मी पेपरांचा गठ्ठा पिशवीत घालून निघते. आमचं गाव केळापूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला आहे. मोटार सोडून उरलेली वाट पायी तुडवावी लागते. दोन्ही बाजूंना कापूस असतो, खालची बोंडं उकललेली आणि वर अजून पिवळी फुलं. या वाटेवर मी कधी गाणं गुणगुणले असेन असं मला आठवत नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तीन वर्षांची असताना तिला ताप आला आणि उतरताना पाय घेऊन गेला. कमरेखाली दोन काटक्या तेवढ्या राहिल्या. ती बसूनच चालायची. दोन्ही तळहात जमिनीवर टेकायचे, अंग उचलायचं, पुढे टाकायचं. हात सोलवटू नयेत म्हणून बाबांच्या जुन्या वहाणा ती हातांत घाली. अंगणातून त्यांचा फटफट आवाज आला की आत्या येते आहे हे कळायचं. मला तो इतका सवयीचा होता की दुसऱ्यांच्या घरच्या आत्या पायांनी चालतात याचंच लहानपणी नवल वाटे.

तिची कीव करावी अशी सोय तिने कोणाला ठेवली नव्हती. जीभ अशी तिखट की माझी मायसुद्धा तिच्यापुढे जपून बोले. कापसाच्या खोलीत ती दिवसभर बसायची. वेचून आणलेल्या कापसातला पाला, काडी, किडकी पिवळी बोंडं वेगळी काढणं हे तिचं काम. हात आपोआप चालत आणि डोळे दाराबाहेर. कोणाची सून माहेरी निघाली, कोण कोणाशी बोलेनासं झालं, हे गावात सगळ्यांच्या आधी तिला ठाऊक. "पाय नाईत म्हून डोयांनंच फिरा लागते मले," असं ती म्हणे, आणि वर हसे. तिच्या हसण्याने माझ्या मायचा राग दुप्पट व्हायचा.

टेकडीवरच्या देवीपुढे नवरात्रात नऊ दिवस दिवा तेवतो. त्याची वात आत्याच्या हातची असायची. सगळ्या कापसातून पांढरा, लांब धाग्याचा तेवढा ती भादव्यातच काढून ठेवी, मागल्या सालचा. मग रोज थोडा थोडा पिंजून, तळहाताने वळून, ती वात लांबवत नेई. त्या दिवसांत तिला हाक मारलेली खपत नसे. पुजारी गोमाजीबुवा घटाच्या आदल्या दिवशी येऊन वात घेऊन जात. "वेनूबाई, तुह्या वातीले काजळी धरत नाई," असं दरसाल म्हणत, आणि आत्या दरसाल पहिल्यांदाच ऐकल्यागत खूश होई. आत्याची वात दरवर्षी टेकडीवर जायची. आत्या मात्र एकदाही गेली नाही.

टेकडी काही फार मोठी नव्हती. पण वर जायला पायऱ्या म्हणून जे होतं ते म्हणजे कोणे काळी टाकलेले गुडघाभर उंचीचे वेडेवाकडे दगड. आठ-नऊ वर्षांची असताना आत्या हातांवर चढायला गेली, घसरली आणि हनुवटी फोडून घेतली. तो व्रण शेवटपर्यंत होता. त्यानंतर आजोबांनी तिला बजावलं की पुन्हा हा उद्योग करायचा नाही. तिला उचलून नेण्याइतके बाबा मोठे झाले तोवर ती लुगडं नेसायला लागली होती. लुगड्यातल्या बहिणीला पाठीवर घेऊन भर गावादेखत टेकडी चढायची, हे आमच्याकडे होण्यासारखं नव्हतं. कोणी नको म्हटलं नव्हतं. कोणी म्हणेल, एवढंच पुरेसं होतं.

घट बसायच्या दिवशी सारं गाव वर जाई. आम्ही आत्याला बैलगाडीतून पायथ्यापर्यंत नेत असू. खाली उतरवली की ती हातांतल्या वहाणा काढून नीट बाजूला ठेवी, डोक्यावर पदर घेई आणि बसून राही. वर जायचंच नाही तर वहाणा काढतेस कशाला, असं मी एकदा विचारलं.

"देवीचं इथूनच सुरू होते, पोरी," ती म्हणाली.

मी प्रसाद घेऊन खाली आले की तिची उलटतपासणी सुरू होई. डोये कसे दिसतात यंदा? शेंदूर ताजा हाय का जुन्यावरच हात फिरवला? दिवा कोणत्या अंगाले ठेवला? सुरुवातीला मी खरं सांगायचे. मग कंटाळले. खेळायला जायचं असे आणि ही सोडत नसे. एका वर्षी मी सुटका करून घेण्यासाठी सांगितलं, "आत्या, देवी खाली पाह्यते. तुह्याकडेच." देवीचं तोंड पूर्वेला आणि दगडांची वाट दक्षिणेला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आत्याला ठाऊक नसेल असं मला आजही वाटत नाही. पण पुढल्या वर्षापासून ती पायथ्याशी थोडी सरकून, टेकडीकडे नीट तोंड करून बसू लागली. या खोट्याबद्दल मला जी शरम वाटते ती मी आजवर कोणापाशी बोललेले नाही.

परतताना बाबा तिला उचलून गाडीत ठेवत. तेव्हा ती हलक्या आवाजात विचारी, "दादा, यंदा राह्यलंच. पुढच्या सालाले?"

"पुढच्या सालाले नक्की, वेने," बाबा म्हणत. दोघांनाही ते पाठ झालेलं होतं.

आणि हेच बाबा शेतात कसे वागत ते आठवलं की मला त्यांचा राग येतो. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. बायका कपाशीच्या एका झाडापाशी दहीभात ठेवतात, कुंकू लावतात, आणि मगच पहिलं बोंड वेचतात. ते बोंड आत्याने वेचायचं असा आमच्या घरचा शिरस्ता होता. गाडी धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी थांबे. बाबा तिला सरळ दोन्ही हातांवर घेत आणि काकरीतून चालत त्या झाडापर्यंत नेत. ती त्यांच्या गळ्यात हात टाकून वेचणाऱ्या बायकांची थट्टा करत जाई. "पाहा वं, माह्यं घोडं किती सरकं चालते," म्हणे. बाबाही हसत. शेत आपलं होतं, तिथे लाज वाटत नव्हती. तिथून टेकडी अर्ध्या कोसावर दिसायची.

आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो त्या सालची गोष्ट. गाव होतं तिथेच राहिलं, राज्य तेवढं बदललं. मास्तरांनी आम्हाला ओळीत उभं करून ते समजावलं आणि मी घरी येऊन आत्याला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "मंग आपली देवी कोनत्या राज्यात गेली?" तिने विचारलं. मी म्हटलं, तीही आपल्यासोबतच. "बरं झालं," ती म्हणाली, "नाई तं गोमाजीबुवाले लय दूर जा लागलं असतं." त्याच पौषात तिच्या छातीत कफ दाटला. आर्णीहून डॉक्टर आणेपर्यंत चार दिवस गेले, आणि चौथ्या दिवशी ती गेली. कापसाच्या खोलीत तिने अर्धवट निवडलेला ढीग तसाच पडून होता. त्याला हात लावायला कोणी धजेना. शेवटी मायनेच तो न निवडता दुसऱ्या ढिगात लोटला, आणि भिंतीकडे तोंड करून रडली. आयुष्यभर जिच्याशी भांडली तिच्यासाठी ती इतकी रडेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या पितृपक्षात घोळ झाला. आजोबांची तिथी होती, आजीची होती. आत्याची कोणती धरायची? लग्न झालेलं नाही, म्हणजे सवाष्णींच्या नवमीला तिचं पान मांडता येत नाही. पोरबाळ नाही. "लेकीले बापाच्या पितरांत जागा नाई, अन् सासर तं तिले भेटलंच नाई," माय म्हणाली. "मंग ती जेवाची कोठं?" आजोबांच्या तिथीला मायने कोणाला न विचारता चुलीमागे एक जास्तीचं पान वाढून ठेवलं. बाबांनी ते पाहिलं. मला वाटतं, आत्याच्या नावाने काहीतरी पक्कं, कायमचं झालं पाहिजे हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतलं.

आणि तसं काही करायची संधी समोरच होती. गावाने त्या वर्षी देवीच्या वाटेवर घडीव दगडाच्या पायऱ्या बसवायला काढल्या होत्या. आमच्या भागात रीत अशी की देवळाची पायरी आपल्या मेलेल्या माणसाच्या नावाने द्यायची. दगडावर नाव कोरतात. देवाला जाणाऱ्या हरेकाचा पाय त्यावर पडतो, पायाची धूळ त्या जिवाला लागते, आणि तो जीव तरतो अशी समजूत. कोणी आईच्या नावाने दिली, कोणी बापाच्या. बाबांनी वेणूआत्याच्या नावाने पायरी धरली. काही लोकांनी भुवया उंचावल्या, बिनलग्नाच्या बहिणीच्या नावाने कोणी पायरी देतं का म्हणाले. बाबा हटले नाहीत. पाथरवटापाशी बसून त्यांनी तीन दिवस नाव कोरून घेतलं. एरवी धीमे बोलणारे बाबा त्या तीन दिवसांत मोकळे झाल्यासारखे वाटत होते. घरी येऊन सांगत, अक्षरं खोल पडून राह्यली, शंभर सालं पुसत नाईत.

घट बसायच्या दिवशी नव्या पायऱ्यांची पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि गाव वर निघालं. आमची पायरी पाचवी होती. बाबा तिथे थांबले, वाकले, नावाला हात लावून तो कपाळाला लावला. मी त्यांच्या मागेच होते, अकरा वर्षांची. मी नाव वाचलं आणि जे मनात आलं ते बोलून गेले.

"बाबा, पन आत्याले तं पायरी चढताच येत नव्हती."

लावून बोलावं एवढी अक्कल तेव्हा मला नव्हती. मागेपुढे चार माणसं होती, ती थबकली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते दगडाकडे वळले, मग खाली पाहिलं, जिथे इतकी वर्षं ती बसत होती. आणि आल्या पावली उतरून घरी निघून गेले.

इतकी माणसं त्या कामात होती. पाटील, पुजारी, पाथरवट, माझी शहाणी माय. त्यांतल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. जिला उभ्या जन्मात या दगडांनी खाली बसवलं, तिलाच आम्ही त्यातला एक दगड केलं होतं. आणि वाईट हेतू कोणाचाच नव्हता. आपल्याकडे मेलेल्या माणसासाठी काय करायचं हे ठरलेलं असतं. त्या माणसाला काय हवं होतं हे विचारायची वेळच येत नाही.

नवरात्राचे नऊ दिवस बाबा टेकडीकडे फिरकले नाहीत. मध्ये एकदा पाटलांकडे गेले आणि दगड काढून द्या म्हणाले. पाटील जुने गृहस्थ. त्यांनी पाणी दिलं, सुपारी दिली. "किसन, देवीले देल्लं माघारं घेत नसतात," ते म्हणाले. "अन् लोक पाय ठेवून राह्यले ना? तिचं भलंच होऊन राह्यलं." बाबा म्हणाले, "तिच्यावर पाय ठेवूनच तं आपन साऱ्याईनं दिवस काढले." हे मला मायने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी बाबा कुदळ, फावडं, घमेलं घेऊन निघाले. शेतात कापूस फुटून लोंबत होता. आमच्या भागात या दिवसांत शेतकरी मयताला जायचं तरी मन मारून जातो. मायने विचारलं, "वेचनी सोडून कायले चालले?" बाबांनी कुदळ खांद्यावर टाकली. त्या वर्षी सीतादही मायनेच उरकलं आणि पहिलं बोंडही तिनेच वेचलं.

टेकडीच्या मागच्या अंगाला चढ कमी आहे. तिथे झुडपं होती, ती त्यांनी तोडली. मोठे धोंडे पहारीने बाजूला सारले. नाल्याकाठचा मुरूम घमेल्याने वाहून आणला, पसरला, पाणी मारलं, धुमसाने ठोकून बसवला. वळण घेत घेत एक उतार वर चालला. रुंदी एवढीच की बसलेलं माणूस दोन्ही बाजूंना हात टेकून सरकेल. लोक येऊन पाहून जात. कोणी म्हणे किसनरावावर बहिणीचं भूत बसलं. कोणी म्हणे, आता ती नाही तर वाट कोणासाठी? हा दुसरा प्रश्न बरोबरच होता, म्हणून त्यावर सगळे जास्त हसत.

पुढे ती वाट चालती झाली, हेही सांगायला हवं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी, जिला सगळे त्यांच्या बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणत, दोन काठ्या टेकत त्या उतारावरून वर गेली. परत आल्यावर तिने बाबांना विचारलं, "भाऊ, हा रस्ता कोनं केला?" बाबा म्हणाले, "गावानं." दिवस गेलेल्या बायका तिकडून जाऊ लागल्या. गोमाजीबुवांचे गुडघे गेले तेव्हा तेही. दर पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि पाऊस सरला की बाबा तो पुन्हा भरतात. वाटेला नाव नाही, कोरायला दगडही नाही. मी या वर्षी गेले तेव्हा ते मुरूमच टाकत होते, केस पांढरे झालेत, घमेलं अर्धंच भरतात. मी म्हटलं, आता गडी लावा. ते म्हणाले, "नाई वं." यापुढे आमचं बोलणं जात नाही. मी पदर खोचून दुसरं घमेलं उचललं. पेपर पिशवीत तसेच राहिले.

लोक त्या वाटेवरून सुखाने जाताना दिसतात तेव्हा मला बरं वाटायला हवं. वाटत नाही, हे मी कबूल करते. मला पहिल्या वर्षीची ती दुपार दिसते. बाबांची भाकर घेऊन मी टेकडीमागे गेले तेव्हा काम पुरं झालं होतं. देवळापाशी उतार टेकला होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बाबा वाटेच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी धोतर आवरलं, खाली बसले, पाय निर्जीवासारखे पुढे टाकले, दोन्ही तळहात मुरमावर टेकले आणि अंग उचलून पुढे सरकले. मग पुन्हा. आणि पुन्हा. मी झुडपाआड उभी राहिले, मला हाक मारवेना. ते तसे सगळा उतार चढून गेले, एकदाही पाय न वापरता. मी पळत वर पोहोचले तेव्हा ते देवीसमोर न जाता बाहेरच बसले होते. तळहात सोलून रक्त आलं होतं आणि त्यात मुरूम रुतला होता.

"झाली ना वाट, बाबा?" मी विचारलं.

"झाली."

मला वाटलं, आता ते हसतील. निदान भाकर तरी सोडतील. ते हातांकडे पाहत राहिले.

"कितीक दिवस लागले, बाई? तू मोज बरं."

मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून बोटांवर मोजलं. "आठ."

"आठ," बाबा म्हणाले. "अन् ती मले वीस सालं इचारत होती."

ते मग गुडघ्यांत डोकं घालून बसले. त्यांना असं रडताना मी आधी पाहिलं नव्हतं आणि काय करायचं ते मला कळेना. बऱ्याच वेळाने मी भाकर तशीच बांधलेली उचलली आणि घरी घेऊन आले.